संकटग्रस्त कपींचे वार्तांकन: ठाणे-नवी मुंबईच्या पत्रकारांसाठी प्रशिक्षणवर्ग कसा आखावा

ठाणे, कल्याण, वाशी किंवा उरण येथील पत्रकारांना गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान आणि गिबन यांच्या संरक्षणाविषयी लिहायला शिकवायचे ठरवले, की पहिल्याच तासाला समोरून एक रास्त प्रश्न येतो: यांतला एकही प्राणी आपल्या जिल्ह्यात नाही, मग बातमी आणायची कुठून? या प्रश्नाला जंगलाची चित्रफीत दाखवून उत्तर देऊ नये. फळ्यावर विमानतळ, न्हावा-शेवा बंदर, स्वयंपाकघरातला पामतेलाचा डबा आणि आसामातील एक लहानसे अभयारण्य अशी चार नावे लिहावीत आणि तीन दिवसांचा वर्ग त्या चार ठिकाणांभोवती बांधावा. गेली काही वर्षे मी असे वर्ग घेत आलो आहे. आफ्रिकेपासून सुरुवात केलेला वर्ग दुपारपर्यंत सुस्तावतो, आणि बंदरापासून सुरुवात केली तर वार्ताहर जेवणाच्या सुट्टीतही फोन लावत बसतात, असा माझा अनुभव आहे.

वर्गात बारा ते पंधरा जण असावेत आणि ते सगळे पर्यावरणाचा बीट पाहणारे नसावेत. सीमाशुल्क खात्याची प्रसिद्धिपत्रके गुन्हे वार्ताहराकडे येतात, खटल्याच्या तारखा न्यायालयीन वार्ताहराला कळतात, बंदरात काय उतरते हे उरण-पनवेलच्या वार्ताहराला ठाऊक असते, आणि मथळा व छायाचित्र अखेर उपसंपादक ठरवतो. उपसंपादक आणि छायाचित्रकार यांना आमंत्रण सर्वांत आधी द्यावे, हा माझा आग्रह आहे. वार्ताहराने जपून लिहिलेली बातमी रात्री साडेअकराला घाईत दिलेल्या एका मथळ्याने वाया गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

वानर, माकड आणि कपी

मराठीत या विषयावर लिहिताना पहिली अडचण शब्दाचीच येते. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्याला आपण वानर म्हणतो, लाल तोंडाच्या प्राण्याला माकड म्हणतो, आणि ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलाजवळ राहणाऱ्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. कपी हा शब्द मात्र आपल्या कानावर स्तोत्रांतून पडलेला असतो आणि तिथे तो मारुतीच्या कुळासाठी, म्हणजे शेपटीसकट येतो. विज्ञानाच्या मराठीने तोच शब्द शेपूट नसलेल्या गटासाठी घेतला. त्यामुळे बातमीत हा शब्द प्रथम येईल तिथे ‘शेपूट नसलेले कपी’ असे स्पष्ट लिहावे आणि नंतर नुसते ‘कपी’ म्हणावे. ही केवळ शब्दांची शिस्त नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायटीत माकडे खिडकीतून शिरून डबे पळवतात, तिथल्या वाचकाला ‘माकडांची संख्या घटली’ ही बातमी सुवार्ता वाटू शकते. गोरिलाला माकड म्हणणारा वार्ताहर नकळत तो गैरसमज पसरवत असतो.

प्रशिक्षकाने जातींची ओळख तासाभरात उरकावी, पण ती चोख असावी. गोरिलाच्या २ जाती आहेत, ओरांगउटानच्या ३ आहेत, चिंपांझी आणि त्याचा जवळचा नातलग बोनोबो या एकेक जाती आहेत, आणि लहान कपी म्हणवल्या जाणाऱ्या गिबनच्या सुमारे २० जाती आहेत. ओरांगउटानची तिसरी जात, सुमात्रातील तापानुली ओरांगउटान, शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये वेगळी म्हणून नोंदवली, आणि नोंदवली तेव्हाच ती ८०० पेक्षा कमी उरलेली होती. भारतात रानात राहणारा कपी एकच, तो म्हणजे ईशान्येतला हुलॉक गिबन. आपल्याकडे हुलॉकच्या दोन जाती आहेत असे बरीच वर्षे छापले गेले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने भारतातली जात एकच असल्याचे दाखवले. जुन्या कात्रणांतून माहिती उचलणाऱ्या वार्ताहराला हे सांगितले नाही, तर तीच चूक पुन्हा छापली जाते.

याच तासात प्रजननाचा वेग समजावून द्यावा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर उभे आहेत. ओरांगउटानच्या मादीच्या दोन बाळंतपणांत साधारण ७ ते ८ वर्षांचे अंतर असते, चिंपांझीत ते ५ ते ६ वर्षांचे असते. उंदरांची किंवा हरणांची संख्या एखाद्या बऱ्या पावसाळ्यात सावरते. एक प्रौढ ओरांगउटान मादी मारली गेली, तर तिची जागा भरून यायला मात्र एक पिढी जाते.

बातमीचे धागे

पहिला धागा विमानतळाचा आहे. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात रुपेरी गिबनची पिल्ले सापडली आणि त्यांतले एक मेलेले होते. रुपेरी गिबन फक्त इंडोनेशियातल्या जावा बेटावर रानात आढळतो. नवी मुंबईचे विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाले आहे, त्यामुळे पनवेल-उलव्याच्या वार्ताहराने तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांशी ओळख आतापासूनच करून ठेवावी. अशा जप्तीची बातमी बहुधा प्रसिद्धिपत्रकावरून चार ओळींत येते आणि तिथेच संपते. वर्गात तेच पत्रक हातात देऊन सहभागींना त्यात नसलेले प्रश्न लिहायला लावावेत: पिल्लाची आई कुठे आहे? जिवंत पिल्लू आता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याला परत पाठवणार का? विमान कुठून सुटले आणि त्याआधी पिल्लू कोणत्या देशांतून आले? घेणारा कोण होता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते. गिबन किंवा चिंपांझीची आई पिल्लाला अंगाला बिलगवून फिरते आणि जिवंतपणी सोडत नाही, म्हणून पिल्लू पकडण्यासाठी आधी तिला मारले जाते. चिंपांझी आणि गोरिला यांच्या बाबतीत कळपातले इतरही मारले जातात. हे एक वाक्य बातमीत यायलाच हवे, आणि ते शेवटच्या परिच्छेदात ढकलू नये.

दुसरा धागा बंदर आणि स्वयंपाकघरातला डबा यांना जोडणाऱ्या तेलाचा आहे आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत आहे आणि त्यातला मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशिया या देशांतून येतो. ओरांगउटान रानात उरले आहेत तेही याच दोन देशांत, बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवर. आयातीचा आकडा शोधणे अवघड नाही: व्यापाराच्या जागतिक वर्गवारीत पामतेलाचा संकेतांक १५११ आहे आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीत त्या संकेतांकाखाली देशवार आयात सापडते. त्यानंतर सहभागींना जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या बाजारात पाठवून फरसाण, बिस्किटे आणि साबण यांच्या वेष्टनावरील घटकपदार्थ वाचून यायला सांगावे. संध्याकाळपर्यंत वह्या पामोलिनच्या, म्हणजे पामतेलाच्याच पातळ रूपाच्या, नोंदींनी भरतात.

इथे प्रशिक्षकाने सावध राहावे, कारण इथेच वर्ग सोप्या निष्कर्षाकडे धाव घेतो. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखर यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते. वडापावच्या गाडीवरच्या कढईतही बहुधा तेच असते. स्वस्त तेल घेणाऱ्या माणसाला जंगलतोडीचा आरोपी ठरवणारी बातमी अन्यायाची होईल आणि चुकीचीही होईल, कारण पामचे झाड एका हेक्टरात सोयाबीन किंवा सूर्यफूल यांच्या कितीतरी पट तेल देते, आणि ते नाकारून दुसरे तेल घेतले तर जमीन अधिक लागू शकते. प्रश्न विचारायचा तो आयातदारांना आणि उत्पादक कंपन्यांना: तेल कोणत्या मळ्यातून आले, तो मळा कधी आणि कशाच्या जागी उभा राहिला, आणि हे तपासण्याची त्यांची व्यवस्था काय आहे. याच धाग्याचे दुसरे टोक आपल्या देशात आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पामतेल अभियान मंजूर केले आणि त्यात ईशान्येवर विशेष भर आहे. हुलॉक गिबनचे घर नेमके त्याच प्रदेशात आहे. लागवड कोणत्या जमिनीवर होते आहे, पडीक की झूमची (फिरत्या शेतीची) की जंगलालगतची, हे गावागणिक तपासावे लागते.

आसामचा धागा ठाणेकर पत्रकाराला सर्वांत लवकर उमगतो. जोरहाट जिल्ह्यातले होलोंगापार गिबन अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातून रेल्वेमार्ग जातो. हुलॉक हातांनी झोके घेत फांदीवरून फांदीवर जातो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. रुळांच्या दोन्ही बाजूंची झाडे तुटली की पलीकडे जाण्याची त्याची वाटच बंद होते. घोडबंदर रस्त्यावर बिबट्या गाडीखाली आल्याची बातमी ज्याने दिली आहे, त्याला हे दोनदा सांगावे लागत नाही. अशा प्रकल्पांविषयी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीत काय ठरले, याची इतिवृत्ते परिवेश या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, आणि ती वाचण्याचा सराव वर्गात प्रत्यक्ष करून घ्यावा.

आकडा कुठून आला हे विचारणे

माझ्या मते या प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि त्याला एक पूर्ण दिवस द्यावा. वार्ताहराला आधी हे कळले पाहिजे की रानातला कपी सहसा दिसत नाही आणि शास्त्रज्ञ त्याला मोजतात ते त्याच्या खुणांवरून. मोठे कपी रोज रात्री फांद्या-पाने वाकवून नवे घरटे करतात. ठरावीक रेषेवरून चालत जाऊन घरटी मोजली जातात, आणि घरटे किती दिवस टिकते यावरून प्राण्यांची संख्या काढली जाते. हे दिवस झाडाच्या जातीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे बदलतात. पिल्लू आईच्या घरट्यात झोपते म्हणून ते मोजणीत वेगळे येतच नाही. गिबन घरटी करत नाहीत, पण जोडपे पहाटे एकत्र गाते, म्हणून टेकड्यांवर माणसे बसवून गाण्याची दिशा आणि अंतर टिपले जाते. हे समजलेला वार्ताहर ‘जगात अमुक इतके उरले’ असे छातीठोकपणे लिहीत नाही. तो ‘अंदाजे’ लिहितो, आणि अंदाजाची खालची व वरची मर्यादा मागून घेतो.

यानंतर खरे आकडे सरावाला द्यावेत. पर्वतीय गोरिलांचा १,०६३ हा आकडा २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला. तो दोन वेगळ्या गणनांची बेरीज आहे: मध्य आफ्रिकेच्या विरुंगा पर्वतराजीतले ६०४ आणि युगांडाच्या ब्विंदीसह लगतच्या जंगलातले ४५९, आणि या दोन गणना एकाच वर्षी झालेल्या नाहीत. त्याआधी २०१८ मध्ये पर्वतीय गोरिला संकटातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. त्या वेळी ‘गोरिला वाचला’ असे मथळे आले. पर्वतीय गोरिला ही पूर्व गोरिलाची एक उपजात आहे. पूर्व आणि पश्चिम या दोन्ही जाती अजून अतिसंकटग्रस्तच आहेत. वर्गाला ही माहिती देऊन सात शब्दांत मथळा लिहायला सांगावे, आणि आनंदाची बातमी आनंदाचीच राहील पण खोटी होणार नाही असा मथळा मिळेपर्यंत थांबू नये.

दुसरा सराव त्याहून कठीण आहे. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागात सुमारे ३,६१,९१९ गोरिला असल्याचा अंदाज आला, जो आधीच्या समजुतीपेक्षा बराच जास्त होता; त्याच अभ्यासाने असेही सांगितले की त्यांची संख्या वर्षाला २.७ टक्क्यांनी घटते आहे आणि सुमारे ८० टक्के प्राणी संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहतात. ‘गोरिला वाढले’ हा मथळा इथे चूक आहे, कारण वाढली ती आपली माहिती. संख्या घटतेच आहे.

तिसरा सराव मोजलेले आणि अनुमानित यांतल्या फरकाचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१३ च्या अहवालानुसार २००५ ते २०११ या काळात बेकायदा व्यापारासाठी रानातून पकडले गेल्याची नोंद असलेले मोठे कपी १,८०८ होते: ६४३ चिंपांझी, ४८ बोनोबो, ९८ गोरिला आणि १,०१९ ओरांगउटान. पण त्या व्यापारापायी रानातून किमान २२,२१८ मोठे कपी गेले असावेत, असा अंदाज त्याच अहवालात आहे, कारण पकडताना मारले गेलेले, वाटेत मेलेले आणि कधीच उघड न झालेले त्यात धरले आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांत सुमारे बारा पटींचे अंतर आहे. बातमीत दोन्ही द्यावेत आणि कोणता कशाचा आहे हे त्याच वाक्यात लिहावे. ज्या उपसंपादकाला जागा कमी पडते तो मोठा आकडा ठेवतो आणि खुलासा काढतो. म्हणून उपसंपादक वर्गात हवा.

बोर्निओचा आकडा मी मुद्दाम शेवटी देतो, कारण तो तेलाच्या धड्याला पुरा करतो. १९९९ ते २०१५ या काळात त्या बेटावरचे सुमारे १,४८,५०० ओरांगउटान नाहीसे झाले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. घट सर्वांत वेगाने झाली ती जंगल तोडून मळे केलेल्या भागात, पण संख्येने सर्वाधिक प्राणी गेले ते जंगल उभे असलेल्या भागातून, आणि तिथे शिकार आणि माणसाशी संघर्ष ही कारणे पुढे येतात. एकाच कारणावर बोट ठेवणारी बातमी वाचायला सोपी जाते, पण वाचकाच्या हाती अर्धेच सत्य देते.

छायाचित्र, किंमत आणि ठिकाण

काही वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या डेस्कवर असताना जप्त झालेल्या एका पिल्लाचे, अधिकाऱ्याच्या कडेवर बसलेले छायाचित्र ‘गोंडस पाहुणा’ अशा ओळीसह पानावर लावले आणि चौकटीत त्याची बाजारातली किंमत दिली. पुढच्या आठवड्यात कार्यालयात जे फोन आले, त्यांतले तीन फोन असे पिल्लू कुठे मिळेल हे विचारणारे होते. ती चूक माझी होती, आणि म्हणूनच मी हा भाग प्रत्येक वर्गात स्वतः शिकवतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या प्रायमेट तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये छायाचित्रांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. माणसाच्या हातात, कडेवर किंवा अगदी शेजारी असलेल्या प्राण्याचे छायाचित्र प्रसिद्ध करू नये, कारण ते पाहणाऱ्याला असा प्राणी पाळता येतो असे वाटते, हे त्यांचे सार आहे. बचावकार्यातल्या कर्मचाऱ्याचे छायाचित्र हवेच असेल, तर त्याच्या तोंडावर मास्क आणि हातात मोजे दिसावेत आणि ओळीत कारण लिहावे. मास्कचा आग्रह दिखाव्यासाठी नाही. आपल्या साध्या सर्दीच्या विषाणूंची लागण कपींनाही होते आणि त्यांच्यात ती जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथील प्राणिउद्यानातल्या गोरिलांना २०२१ च्या जानेवारीत कोविड झाल्याचे आढळले होते.

किंमत छापू नये. २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोलकात्यातल्या एका प्रकरणात ३ चिंपांझी आणि ४ मार्मोसेट माकडे मालमत्ता म्हणून जप्त केली, तेव्हा बहुतेक मथळ्यांत रुपयांचा आकडा होता. मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली जिवंत प्राणी जप्त होतात, ही खरी बातमी त्या आकड्याखाली दबली. ठिकाणाचेही तसेच आहे: आसामातल्या एखाद्या गावालगत गिबनचे कुटुंब कोणत्या झाडांवर राहते हे छापणे म्हणजे पकडणाऱ्याला पत्ता देणे होय. मोबाइलने काढलेल्या मूळ छायाचित्रात स्थानाची नोंद दडलेली असते, आणि ती काढून टाकायला छायाचित्रकारांना तिथेच शिकवावे.

कागद आणि तारखा

हुलॉक गिबन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षांची कैद आहे. परदेशी कपी पूर्वी या कायद्याच्या कक्षेत नीट येत नसत; २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातल्या जातींसाठी चौथी अनुसूची जोडली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सर्व कपी या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे गुन्हा फक्त १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली नोंदला की वन्यजीव कायद्याखालीही, हा प्रश्न प्रत्येक जप्तीत विचारावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिण्याचा सराव घेताना महसूल गुप्तचर संचालनालय आणि सक्तवसुली संचालनालय या संस्थांना त्या कायद्यातून बहुतांशी सूट आहे हे आधीच सांगावे, नाही तर तरुण वार्ताहराचे दोन महिने नकाराची वाट पाहण्यात जातात. अर्ज सीमाशुल्क आयुक्तालयाकडे, वनखात्याकडे किंवा प्राणी ठेवलेल्या प्राणिसंग्रहालयाकडे करावा.

दूरच्या सूत्रांशी बोलण्याची रीतही शिकवावी लागते. काँगोच्या विरुंगा उद्यानात जानेवारी २०२१ मध्ये ६ वनरक्षक हल्ल्यात मारले गेले. तिथल्या माणसाचे नाव आणि गस्तीचा मार्ग छापण्याआधी त्याला दोनदा विचारावे, आणि तिथल्या स्थानिक पत्रकाराने माहिती दिली असेल तर त्याच्या संमतीने श्रेय आणि मानधन दोन्ही द्यावे.

येऊरचा दिवस

तिसऱ्या दिवशी वनखात्याची परवानगी घेऊन सगळ्यांना पहाटे येऊरला न्यावे. तिथे कपी नाहीत, पण वानरांचा कळप मिळतो, आणि निरीक्षणाची शिस्त त्यावर शिकता येते. प्रत्येकाने मास्क लावून, किमान १० मीटर अंतर राखून, काहीही खायला न देता एकाच प्राण्याकडे दोन तास पाहावे आणि दर दहा मिनिटांनी तो काय करतो आहे हे एका ओळीत टिपावे. परतल्यावर २०० शब्द लिहावेत, आणि त्यांत खोडकर, रागीट, लाडिक, मस्तीखोर यांपैकी एकही शब्द येऊ देऊ नये. पहिल्या मसुद्यात हे बहुतेकांना जमत नाही. दुसऱ्या मसुद्यात ‘पाने खाल्ली, बिया थुंकल्या, पिल्लाला ओढून जवळ घेतले’ अशी वाक्ये येऊ लागतात, आणि तो वार्ताहर कधी होलोंगापारला गेला तर काय पाहायचे हे त्याला ठाऊक असते.

प्रमाणपत्र वर्ग संपताना देऊ नये. प्रत्येकाने वरच्या धाग्यांपैकी एक निवडावा, सहा महिन्यांत त्यावर एक बातमी आणि तिचा किमान एक पाठपुरावा प्रसिद्ध करावा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा जमून एकमेकांच्या बातम्या आकडा, शब्द, छायाचित्र आणि मथळा अशा क्रमाने वाचाव्यात. ज्यांनी विमानतळाचा धागा घेतला असेल, त्यांनी येताना जप्त पिल्लू आज कुठे आहे आणि खटल्याची पुढची तारीख कोणती, हे लिहून आणावे.